टीम एक ठेवण्याची माझी पद्धत

४ मार्च, सोमवार

नवी रोजनिशी. मागची जानेवारीत सुरू केली होती, ती जानेवारीतच आटपली. कामाचा व्याप. या वेळी रोज लिहायचं. कुणी वाचणार नाही, म्हणजे नम्रपणाचीही गरज नाही.

मी को चेन-लुंग, वय अठ्ठावन्न. इलेक्ट्रिक कुकर बनवणाऱ्या होंग-आन कंपनीच्या तैपेई ऑफिसात मार्केटिंगचा मॅनेजर. जुलैत कंपनी चार देशांच्या मार्केटिंगवर मिळून एकच प्रमुख नेमणार आहे. नाव जाहीर व्हायचंय. पण नावं असून असून किती असणार? तीस वर्षं मी दुसरं केलंय काय? जिथे जिथे वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एका टेबलाशी बसली आणि एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागली, तिथे तिथे कंपनीने मला धाडलं. काओश्युंग, मनिला, सायगाव, पेनांग, ओसाका. मी गेलो की टीम गुण्यागोविंदाने नांदायला लागते. मग मला उचलून पुढच्या भांडणात.

यामागे पद्धत आहे. अजून कुणाला सांगितलेली नाही. प्रमुख झालो की त्यावर भाषण देईन.

सध्याची टीम चौघांची. ल्याओ युए-शिया, माझी डेप्युटी, इथलीच, तैनानची. हुशार, पण तिच्यात नेतृत्व कमी. दिएम, व्हिएतनामची, सगळ्यांत लहान. फैरूझ, मलेशियातल्या इपोहचा, मुसलमान. आणि मिनेगिशी, जपानी, सेंदाईचा, पन्नाशीचा, फार सभ्य. मी आलो तेव्हा ही चार माणसं चार दिशांना तोंडं करून बसायची. आता बघा.

आज मीटिंगमध्ये नव्या कुकरबद्दल बोललो. एकट्या माणसापुरता छोटा कुकर, जूनमध्ये येतोय. चारही देशांत एकच जाहिरात हवी, खर्च वाचतो. माझी कल्पना: टीममधल्या चौघांनीच कुकरभोवती हात धरून गाणं म्हणायचं. गाणं मी रचलंय. 'भात भात भात, सगळे एका हात.' चार भाषांत.

मी म्हणून दाखवलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. एकमत झालं की माणसं अशी बघतात. मिनेगिशी म्हणाला, यावर खोलवर विचार करायला हवा. जपानी माणूस एवढं सहसा बोलत नाही.

दुपारनंतर चौघांनी छोटी मीटिंग रूम घेतली आणि दार लावून बराच वेळ बसली. तालीम करत असणार.

१५ मार्च, शुक्रवार

दर शुक्रवारी टीमला जेवायला नेतो. शाकाहारी थाळीच्या हॉटेलात, फैरूझच्या धर्माला अडचण नको म्हणून. फैरूझ मागे एकदा म्हणाला होता की सर, मी मासे खातो, कोंबडीही खातो, फक्त डुक्कर नको. मी म्हटलं, संकोच करू नकोस.

आज निघताना ल्याओ म्हणाली, "सर, फैरूझचा रोजा आहे."

म्हटलं, मला काय माहीत नाही? माझ्या भिंतीवर सगळ्यांच्या सणांचा तक्ता आहे. पण टीम म्हणजे टीम. त्याने नुसतं बसावं.

बसला बिचारा. आम्ही टोफू खाल्ला. मी त्याला उपवासाचं महत्त्व समजावून सांगितलं. बाकीच्यांची भूक आज कमी होती.

पण पद्धतीचं फळ बघा: संध्याकाळी निघालो तर ल्याओ, दिएम आणि मिनेगिशी तिघं जागेवरच. फैरूझ रोजा सोडेपर्यंत थांबणार म्हणे. दिएमने खजूर आणले होते. मिनेगिशीने कुठूनसं मटणाचं सूप आणलं होतं, तेही त्याला चालेलसं, विचारपूस करून. दोन वर्षांपूर्वी या मिनेगिशीने फैरूझच्या मेलला तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं.

मी म्हटलं, मीही थांबू का? चौघं एका सुरात म्हणाली, नको सर, तुम्ही दमला असाल.

किती काळजी घेतात.

१८ मार्च

लॉबीतल्या टीव्हीवर माझी गेल्या वर्षीची जाहिरात लागली होती. मोठ्या कुकरची. तांदळाच्या दाण्याच्या वेशात मी स्वतः आहे. 'वाफ वाफ वाफ' हे गाणं. रोज सकाळी दोन मिनिटं थांबून बघतोच. तो कुकर व्हिएतनामात धो धो खपला. दिएमला म्हटलं, तिकडे लोक हे गाणं गुणगुणत असतील. ती म्हणाली, सर, तिकडे सगळे कुकरबद्दल बोलतात. डोळे खाली घालून बोलली. अभिमानाने माणूस असा बोलतो.

२१ मार्च

यान मॅडमनी बोलावलं. आमच्या जनरल मॅनेजर. वीस-बावीस वर्षांपूर्वी काओश्युंगला माझ्या हाताखाली होत्या. अजून मला 'को दादा' म्हणतात, दार बंद असेल तर.

म्हणाल्या, जुलैची नेमणूक डोक्यात ठेवून सगळ्या मॅनेजरांना दोन दिवसांच्या शिबिराला पाठवतोय. च्याओशीच्या गरम पाण्याच्या हॉटेलात. सिंगापूरहून एक बाई शिकवायला येणार. विषय 'ऐकणारा नेता'.

मी म्हटलं, मॅडम, मी शिकवायला जायचं की शिकायला?

त्या हसल्या. याचा अर्थ लक्षात आला. औपचारिकता आहे.

२९ मार्च, च्याओशी

शिबिर संपलं. पाणी छान होतं.

सिंगापूरची बाई हुशार, फक्त अनुभव कमी. तिने आम्हाला गटात बसवून चर्चा करायला लावली आणि व्हिडिओ घेतला. मग दाखवला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच बोलतोय. कॅमेऱ्यात काहीतरी दोष होता. बाईला तसं सांगितलं. ती म्हणाली, कॅमेरा बरा आहे.

तिचं म्हणणं असं: नेत्याने बोलायचं नाही. कल्पना मांडायची नाही. प्रश्न विचारायचा, 'तुम्हाला काय वाटतं?' आणि गप्प बसायचं. शांतता सहन झाली पाहिजे.

रात्री पाण्यात बसून विचार केला. माझी पद्धत मुळातच यशस्वी. त्यावर हे घातलं तर काय होईल? जुलै तर हातात आहेच, पण नुसता हातात नको, डोळे दिपले पाहिजेत.

निश्चय: सोमवारपासून ऐकणारा को. ऑफिसात आणि घरी.

१ एप्रिल, सोमवार

मीटिंग. मी आत गेलो, बसलो, हात टेबलावर ठेवले आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

कुणी काही बोलेना. मीही बोललो नाही. घशात गाण्याचं दुसरं कडवं आलं होतं, ते गिळलं.

शेवटी ल्याओ म्हणाली, "कशाबद्दल सर?"

"कशाहीबद्दल."

चौघं एकमेकांकडे बघायला लागली, पण ती नेहमीची नजर नव्हती. दिएम उठून माझ्यासाठी कोमट पाणी घेऊन आली. फैरूझने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मग म्हटलं, गाण्याची कल्पना मी मागे घेतोय. जाहिरात तुम्ही ठरवा. मी ऐकतो.

मला वाटलं होतं टाळ्या पडतील. मिनेगिशीने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

आज तालीम झाली नाही. छोटी मीटिंग रूम रिकामी होती.

३ एप्रिल

टीमने माझ्याशिवाय ठरवलं की गाणं-बिणं काही नको, एकच फोटो. कुकर आणि शेजारी भाताची वाटी. साधं.

आता वाटीत भात कोणता, यावर बोलणं चालू आहे. मी ऐकतोय.

मिनेगिशी म्हणतो, दाणा आखूड, चकचकीत, एकमेकाला धरलेला. दिएम म्हणते, त्याला आमच्याकडे चुकलेला भात म्हणतात. भात मोकळा हवा, वास फोटोतूनसुद्धा यायला हवा. फैरूझ म्हणतो, नारळाच्या दुधातला दाखवा, मलेशियात पांढऱ्या भाताचा फोटो बघून कुणी कुकर घेणार नाही. ल्याओ म्हणाली, कुकर तैवानचा आहे, भात तैवानचा.

दिएम म्हणाली, "तैवानचा म्हणजे जपानी राजवटीत जपान्यांनी शिकवलेलाच ना?"

ल्याओने वही मिटली.

फैरूझ म्हणाला, "मी सकाळपासून पाणीही प्यायलो नाही आणि तुम्ही माझ्यासमोर भातावरून भांडताय."

मिनेगिशी म्हणाला, "तुमच्यासाठी मागे आम्ही थांबलो होतो."

"उपकार केलेत."

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

निरोगी चर्चा. सिंगापूरच्या बाईने म्हटलंच होतं की आधी वर येतं, मग निवळतं.

५ एप्रिल, घरी

पूर्वजांच्या कबरींची साफसफाई करून आलो. गवत खूप वाढलं होतं. काही बोललो नाही. नाहीतर एरवी कबर कशी झाडायची हे मी सगळ्यांना सांगतो.

घरी आल्यावर बायकोने दरवर्षीसारखं पातळ पोळ्यांत भाज्या भरून गुंडाळायला मांडलं. आई त्र्याऐंशीची, तीही बसली. एरवी मी प्रत्येकाची पोळी गुंडाळताना चूक दाखवतो. आज गप्प.

आई म्हणाली, "लान-यिंग, शेंगदाण्याच्या कुटात साखर कमी झालीय."

लान-यिंग म्हणाली, "आई, इतकीच घालतात."

"कोण घालतं?"

"माझ्या आईकडे घालतात."

"तुझ्या आईकडचं मी गेली तीस वर्षं खातेय, बोलले का कधी?"

मी म्हणणार होतो की दोन्ही चूक, मीठ जास्त झालंय. पण निश्चय. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

दोघींनी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. कुटावरून सुरू झालं ते आमच्या लग्नातल्या जेवणापर्यंत गेलं. आई न जेवता खोलीत गेली.

आमच्या घरात सासू-सुनेचं आजवर कधी वाजलेलं नाही. मित्रांना मी नेहमी सांगतो की घर हीदेखील एक टीमच. आज हवा दमट होती, त्याचा परिणाम असावा.

१५ एप्रिल

फैरूझची ईद होऊन गेली. मी त्याला केक दिला. त्याने विचारलं, सर, यात काय काय आहे? मला माहीत नव्हतं. मी विचारलं, तुला काय वाटतं? त्याने तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

जेवायच्या सुट्टीत ऑफिसमागच्या गल्लीत गेलो. शुक्रवारचं हॉटेल मी बंद केलंय, प्रत्येकाला स्वातंत्र्य. ल्याओ एका दुकानात मांसाचा रस्सा-भात खात होती, भिंतीकडे तोंड करून. दिएम समोरच्या टपरीवर शेवया. फैरूझ कोपऱ्यावर, फोन बघत. मिनेगिशी पार्किंगच्या कठड्यावर डबा उघडून. चौघं एकमेकांना दिसत होती. कुणी मान वर केली नाही.

मी मधोमध उभा होतो. कुठे बसावं कळेना. परत आलो.

नवी पद्धत मुरायला वेळ लागतो.

१८ एप्रिल

फोटोचा निर्णय नाही. मिनेगिशी आणि फैरूझ आता मेलवर बोलतात. मध्ये एक टेबल आहे फक्त. मेलची एक प्रत मला, एक यान मॅडमना.

दिएमने जपानच्या जाहिरातीचा मजकूर बघायला नकार दिला. म्हणाली, माझा भात चुकलेला, माझे डोळेही चुकलेलेच असणार.

मी सगळ्यांचं ऐकतोय. ऐकून ऐकून डोकं जड झालं. लोक एवढं बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

२२ एप्रिल

दिएमने राजीनामा दिला. महिनाअखेर शेवटचा दिवस. कारण: घरी आईजवळ राहायचंय. तिची आई तिच्या भावाजवळ तिकडे कान्तो शहरात आहे आणि भावाजवळच बरी आहे, हे तिनेच मागे सांगितलं होतं.

ल्याओ माझ्या केबिनमध्ये आली. बसलीसुद्धा नाही.

"सर, तुम्ही काहीतरी बोला ना."

"मी ऐकतोय."

"ऐकू नका. बोला. काहीही बोला. ते गाणंसुद्धा चालेल."

मला भरून आलं. गाणं तिला आवडलं होतं तर. पण मोह आवरला. शिबिरात सांगितलं होतं, लोक तुम्हाला जुन्याकडे ओढतील.

म्हटलं, "ल्याओ, तुला काय वाटतं?"

ती गेली. दार लावून गेली. जरा जोरातच.

२६ एप्रिल

घरी आई आणि लान-यिंग वेगवेगळ्या वेळी जेवतात. मी दोनदा जेवतो. वजन वाढलंय.

३० एप्रिल, मंगळवार

यान मॅडमनी बोलावलं. मी नवा सूट घातला. मला वाटलं नेमणूक लवकर करताहेत. दार बंद केलं त्यांनी, स्वतः चहा ओतला. ऊलाँग होता, डोंगरावरचा, चांगल्यातला.

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. कारण उद्या मला ते वेगळं आठवेल, हे आता मलाही कळायला लागलंय.

त्या म्हणाल्या, "को दादा, तुम्ही हे काय चालवलंय?"

मी म्हटलं, ऐकणं.

"बंद करा."

म्हटलं, शिबिराला तुम्हीच पाठवलंत.

"सगळ्यांना पाठवलं. तुम्हाला वगळलं असतं तर वाईट दिसलं असतं. तुम्ही ते मनावर घ्याल असं मला वाटलं नव्हतं." मग म्हणाल्या, "काओश्युंगचं आठवतं? मी आणि लाइ. आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो."

आठवतं म्हटलं. मी आल्यावर तुम्ही मैत्रिणी झालात.

"झालो. अजून आहोत. तिच्या मुलाच्या लग्नाला मी परवाच जाऊन आले."

मला बरं वाटलं. म्हटलं, मॅडम, हीच माझी पद्धत.

"हो. पण तुम्हाला ती माहीत नाहीये." त्यांनी माझा कप परत भरला. "तुम्ही पहिल्याच दिवशी आम्हाला कुकरच्या आकाराच्या टोप्या घालून बाजारात उभं राहायला सांगितलंत. ऑगस्टमध्ये. मला आणि लाइला एकमेकींशी बोलावंच लागलं. संध्याकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेले, सबंध रस्ता तुमच्याबद्दल बोलत. फार हसलो. मग रोजच. तुम्ही रोज काहीतरी द्यायचात."

मी विचारलं, काय द्यायचो?

"विषय," त्या म्हणाल्या.

मी चहा प्यायलो. गरम होता, कळलं नाही.

म्हटलं, पण मनिला?

"मनिलातही."

सायगाव, पेनांग?

"को दादा, जुन्या चेअरमनना हे माझ्याआधी कळलं होतं. जिथे माणसं फाटली तिथे को ला टाका. तो गेला की सगळी एक होतात. तुमच्या हाताखालून कंपनीला जेवढे चांगले मॅनेजर मिळाले तेवढे दुसऱ्या कुणाकडून नाही मिळाले. मी त्यातलीच."

मी म्हटलं, आणि 'वाफ वाफ वाफ'? तो कुकर व्हिएतनामात धो धो खपला.

त्यांनी चहाचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या की व्हिएतनामात जी जाहिरात लागली ती दिएम आणि फैरूझने मिळून केली होती. एक आजी आणि तिचा नातू. गाणं नाही. माझी जाहिरात फक्त लॉबीत लागते.

मी विचारलं, लॉबीत का लावता मग?

"तुम्ही रोज थांबून बघता म्हणून."

नंतर त्यांनी जुलैचं सांगितलं. चार देशांची प्रमुख ल्याओ होणार. निर्णय फेब्रुवारीतच झालाय. ल्याओने एकच अट घातली होती: को सर टीममध्ये राहिले पाहिजेत, निवृत्तीपर्यंत. 'पण पूर्वीचे,' असं परवा येऊन सांगून गेली.

"दिएम जायला नको आहे मला," यान मॅडम म्हणाल्या. "कुकर जूनमध्ये आणायचाय. तुम्ही फक्त पूर्वीसारखे व्हा. जमेल ना?"

मी म्हटलं, विचार करतो. मिनेगिशी म्हणतो तसं.

१ मे, सुट्टी

काही लिहायचं नाही.

१ मे, संध्याकाळी

लान-यिंगला सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती वाटाणे सोलत होती.

म्हटलं, तीस वर्षं लोक माझ्यामुळे एक झाले म्हणजे माझ्यावर हसण्यासाठी एक झाले. तुला हे पटतं?

ती म्हणाली, "आईंचं आणि माझं इतकी वर्षं कधी वाजलं नाही ना?"

"नाही."

"मग," ती म्हणाली.

वाटाणे सोलून झाले तेव्हा म्हणाली, "तू वाईट नाहीस, चेन-लुंग. वाईट असतास तर आम्ही हसलो नसतो, रडलो असतो."

यात दिलासा किती आणि निकाल किती, ते ठरवता आलं नाही.

३ मे

राजीनाम्याचा मसुदा केला. फार छान जमला. पद्धतीबद्दल दोन परिच्छेद होते, ते काढून टाकले. मग उरलंच काही नाही.

मनात हिशेब काढायला बसलो की खरंच हसत असतील का सगळीकडे. ओसाकाला मी सगळ्यांना सकाळी कवायत करायला लावायचो. त्यांना ती आधीपासून येत होती, मी वेगळी शिकवली. पेनांगला माझ्या निरोपसमारंभात एक कारकून इतका रडला होता की त्याला धरावं लागलं. तो तरी खरा रडला असेल. आता त्याला विचारायची सोय नाही. खरं तर सोय आहे, धीर नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ती माणसं अजून एकमेकांना भेटतात. लग्नांना जातात. मला आमंत्रण नसतं, पण जातात. तिथे माझी आठवण निघत असणार.

संध्याकाळी दिएम भेटली, लिफ्टजवळ. तिचा शेवटचा दिवस यान मॅडमनी पुढे ढकललाय, दोन आठवडे. हातात खोका होता, टेबल आवरायला घेतलं होतं. म्हणाली, "सर, तुमची तब्येत बरी आहे ना? गेला महिनाभर तुम्ही फार चांगले वागताय. आम्हाला भीती वाटते."

म्हटलं, कसली?

"की तुम्हाला डॉक्टरने काहीतरी सांगितलंय."

राजीनामा फाडला.

५ मे, रविवार

ठरलं. उद्याच्या मीटिंगला एक वाईट कल्पना न्यायची. मुद्दाम. मन लावून तयार केलेली वाईट कल्पना.

सकाळी सुरू केलं. काम वाटलं त्याहून अवघड. वाईट म्हणून एक लिहायचो आणि चहा पिऊन परत वाचली की चांगली वाटायला लागायची. कुकरवर माझा फोटो: वाईट म्हणून लिहिली, दुपारपर्यंत पटली. कुकर घेणाऱ्याला चौघांचे फोन नंबर द्यायचे, एकटेपणा वाटला तर बोलायला: हीसुद्धा पटायला लागली. तेव्हा लान-यिंगला बोलावलं. म्हटलं, यातली कुठली वाईट?

तिने आईला हाक मारली. दोघी कागद बघत बसल्या. आईने चष्मा लावला. काही वेळाने आतून हसण्याचा आवाज यायला लागला, मग दोघींचा खोकला. रात्री तिघं एकत्र जेवलो. आई म्हणाली, शेंगदाण्याचा कूट राहिलाय, तो संपवा.

शेवटी एक निवडली. यापेक्षा वाईट काही असूच शकत नाही अशी. वाचताना मलाच लाज वाटली, म्हणजे नक्की.

६ मे, सोमवार

मीटिंग. चौघं चार बाजूंना. मिनेगिशी खिडकीबाहेर. फैरूझ फोनमध्ये. दिएम खोक्यातल्या वस्तूंची यादी लिहीत होती. ल्याओ माझ्याकडे बघत होती, आशेने नाही, नुसतंच.

मी बसलो नाही. उभ्याने म्हटलं, मी विचार केलाय. ऐकायचं पुरे. आपला हा कुकर एकट्या माणसासाठी आहे. एकट्या माणसाला काय हवं? काळजी करणारं कुणीतरी. म्हणून भात शिजला की कुकर बोलेल. माझ्या आवाजात. चार भाषांत. तो म्हणेल, 'आजपण एकटाच का? लग्न कर.'

मग ते चारही भाषांत म्हणून दाखवलं. व्हिएतनामी बहुधा चुकली, कारण दिएमने तोंडावर हात घेतला.

मी म्हटलं, रेकॉर्डिंग गुरुवारी. आणि चौघांनी पार्श्वभूमीला नातेवाइकांचे आवाज काढायचे.

मिनेगिशीने खिडकीकडून मान वळवली आणि फैरूझकडे पाहिलं. फैरूझने फोन पालथा ठेवला आणि मिनेगिशीकडे पाहिलं. मग ल्याओ आणि दिएम. ती नजर. तीस वर्षं जी मी एकमताची समजत होतो. एकमताचीच होती म्हणा.

"सर," मिनेगिशी म्हणाला, "यावर खोलवर विचार करायला हवा."

मी म्हटलं, करा.

चौघांनी लगेच छोटी मीटिंग रूम घेतली. दार लावलं. मी बाहेर प्रिंटरजवळ उभा राहिलो, काम असल्यासारखा. आधी कुजबुज होती. मग फैरूझ माझ्या आवाजात काहीतरी म्हणाला. बऱ्यापैकी जमलं त्याला. मग सगळी एकदम हसली, मिनेगिशीसुद्धा. त्याचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, बारीक, उचकीसारखं.

दुपारपर्यंत भाताचं ठरलं. चार वाट्या, चार भात, एक फोटो. खर्च तेवढाच. इतकं साधं होतं ते.

दिएमने खोका रिकामा करून परत टेबलाखाली ठेवला.

जेवायला निघताना चौघं माझ्या केबिनवरून गेली. ल्याओ मागे राहिली, दारात उभी राहून म्हणाली, "सर, परत नेहमीसारखे झालात. बरं वाटलं."

मला राहवलं नाही. विचारलं, आजची कल्पना कशी वाटली, खरं सांग. काल दिवसभर खपून मी ती मुद्दाम वाईट केली होती, हे तिला सांगावं असं फार वाटत होतं. तिने ओळखलं असेल असंही वाटलं. हुशार आहे ती.

ल्याओने प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाली, "आजची त्यातल्या त्यात बरी होती."

चौघं एकत्र जेवायला गेली. मी केबिनमध्येच डबा उघडला.